धुराचा रंग

गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी पुतण्याचा अमेरिकेतून फोन आला. तो टेक्सासात ऑस्टिनला कंपनीत नोकरीला आहे. आपल्याकडं सकाळ झाली की त्याच्याकडं आदली संध्याकाळ असते. मी धार काढून ओट्यावर चहा घेत बसलो होतो. ख्यालीखुशाली झाली, सोयाबीनच्या भावाचं रडगाणं झालं, आणि मग तो जरा लाजतच म्हणाला, "काका, एक विचारू का? माझं मटण कडू व्हालंय."

मला वाटलं, मसाला करपत असंल. म्हणलं, "काकूला देऊ का फोन?"

"न्हाई काका. जाळाचं विचारायचंय. ते तुम्हालाच ठाऊक."

आता चाळीस वर्षांत मला कोणी जाळाचं विचारलं नव्हतं. मी कप खाली ठेवला.

त्यानं फोन फिरवून परसातली भट्टी दाखवली. लोखंडाची मोठी टाकी आडवी ठेवलेली, तिला एका अंगाला जरा खालच्या पातळीवर एक पेटी जोडलेली, दुसऱ्या टोकाला धुराडं. तिकडं तिला ऑफसेट स्मोकर म्हणतात. जाळ त्या पेटीत करायचा, मांस टाकीत ठेवायचं. जाळ मांसाला शिवत नाही. नुसती धग आणि धूर मांसावरून वाहत जातो आणि पलीकडं धुराड्यानं निघतो. दहा-दहा, बारा-बारा तास असं मांस शिजवतात. त्या मुलखात शे-दीडशे वर्षांमागं जर्मनीकडचे आणि चेक लोक येऊन राहिले, त्यांच्यातल्या खाटकांनी ही रीत चालवली, असं तो सांगत होता. त्याचं सांगणं चालू होतं आणि मी नुसता त्या पेटीच्या तोंडाकडं बघत होतो.

म्हणलं, "बाबा, हे तर आपलं गुऱ्हाळाचं चुलाण हाय. फक्त लोखंडाचं केलंय."

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी १९७६ साली दहावी झालो. त्या वेळी लातूर जिल्हा झाला नव्हता, आम्ही उस्मानाबादेत होतो. मांजरेच्या काठानं जिथं विहिरीला पाणी तिथं थोडाफार ऊस, आणि ऊस तिथं गुऱ्हाळ. दिवाळी सरली की पेटायचं ते शिमग्यापर्यंत चालायचं. जमिनीत खड्डा खणून, आतून दगडमातीनं लिंपून चुलाण करायचं. वर थोरली लोखंडी काहील. चुलाणाच्या एका अंगाला जाळ घालायचं तोंड, त्याखाली राख पडायला आणि वारा शिरायला जागा. बरोबर उलट्या अंगाला धुराडं. खालून वारा शिरतो, जाळाला घेऊन काहिलीच्या बुडाखालून जातो आणि धुराड्यानं वर निघतो. ही ओढ नीट लागली की जाळ सगळ्या बुडाला चाटत जातो. ओढ बिघडली की धूर उलटा फिरतो, जाळ घालणाऱ्याच्या डोळ्यांत येतो आणि काहिलीच्या काठाच्या फटींतून निघून रसावर लोळतो.

जळण म्हणजे त्याच उसाचं चिपाड. चरकातून रस काढून उरतं ते. पण चरकातून निघालेलं चिपाड लगेच जळत नाही. त्यात निम्मं वजन पाण्याचंच असतं. ते मोकळ्या रानात पसरायचं, उलथंपालथं करायचं, आठ दिवस ऊन खाऊ द्यायचं. मग ते हातात घेतलं की मोडताना कडकड वाजतं. तसं झालं तरच चुलाणात घालायचं.

गुऱ्हाळावर मान गुळव्याचा. रस तापला की वर मळी येते, ती तो काढायचा. रानभेंडीची झाडं ठेचून त्यांचं चिकट पाणी रसात घालायचा, त्यानं उरलेली मळी वर येते. चिमटीनं चुना सोडायचा. रस उतू यायला लागला की तेलाचे चार थेंब टाकायचा, फेस खाली बसायचा. शेवटी काहिलीतला थेंब गार पाण्यात सोडून बोटांत गोळी करून बघायचा. गूळ चांगला उतरला की नाव गुळव्याचं. जाळ घालणाऱ्याला कोणी विचारत नसे. तो खड्ड्यात बसलेला, अंगभर राख, डोळे लाल.

माझे दादा जाळ घालायचे.

आमची जमीन कोरडवाहू, चार एकर. १९७२ च्या दुष्काळात बैल गेले, ते पुन्हा उभे राहायला लई वर्षं लागली. म्हणून हंगामाला दादा गुऱ्हाळावर. मजुरी थोडी रोख आणि थोडी गुळाच्या ढेपांत.

खड्ड्यात बसलेल्या माणसाला काहिलीत काय चाललंय ते दिसत नाही. दादांना दोनच गोष्टी कळायच्या. काहिलीचा आवाज आणि धुराड्याच्या टोकाचा धूर. रस नुसता तापत असला की बारीक सूं सूं व्हायची. उकळी फुटली की खळखळ. घट्ट होत आला की आवाज जड व्हायचा, लापशी शिजताना होतो तसा फद् फद्. त्यावरून दादा जाळ कमीजास्त करायचे. मळी वर येईपर्यंत बेताचा, मळी निघाली की मग सणकून, आणि आवाज जड झाला की हात आखडता. शेवटी शेवटी तर नवं चिपाड घालायचंच नाही, आहे त्या धगीवर उतरू द्यायचा. एका आधणाला अडीच-तीन तास लागायचे. तेवढा वेळ दादा एकदाही पाय लांब करत नसत.

चिपाड घालायची त्यांची रीत मी कैकदा बघितली होती. एक कवळी उचलायची, सैल करायची, तोंडातून आत सारायची. पुढची कवळी तोंडाशी तापायला ठेवायची. ती तिथं तापून खडखडीत होते आणि आत गेली की लगेच पेट घेते. दुसऱ्या हातानं मधून मधून खालची राख ओढायची. तोंड कधी पूर्ण भरायचं नाही, वर हातभर जागा मोकळी दिसली पाहिजे. घालून झालं की मान वर करून धुराड्याकडं बघायचं. मला ते बघणं म्हणजे निव्वळ सवय वाटायची. त्यात काय बघायचं, धूर तो धूर.

त्या हिवाळ्यात मी सोळा वर्षांचा होतो. दहावी होऊन घरी बसलेलो, पुढं शिकायला पैसे नाहीत म्हणून मनात राग. दादांच्या हाताखाली चिपाड ओढायला जायचो. एका रात्री दादांना ताप भरला. आधण चढून तासभर झाला होता, मळी निघाली होती. दादा म्हणाले, "मी जरा पडतो. कवळी कवळीनं घाल. घाई करू नको."

थंडी मरणाची. दव पडत होतं. वाळल्या चिपाडाची गंज पन्नास पावलांवर, आणि त्याच दिवशी चरकातून निघालेलं ढीगभर चिपाड खड्ड्याच्या काठालाच. मला वाटलं, एकदाच गच्च भरून ठेवावं म्हणजे अर्धा घंटा बघायला नको. काठाचं ओलं चिपाड ओढलं, चुलाणाचं तोंड गळ्यापर्यंत भरलं आणि गरम भिंतीला पाठ लावून घोंगडं घेतलं.

डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती गुळव्याच्या शिव्यांनी. धुराड्यातून पांढरापिवळा दाट धूर निघत होता, तोही वर जात नव्हता, खाली लोळत होता. तोंडातून धुराचे लोट माझ्या अंगावर. काहिलीचा आवाज बंद. उकळी बसली होती. मी घाबरलो. ओलं चिपाड मागं ओढायचं सोडून तुराट्यांची अख्खी पेंढी वर टाकली. क्षणभर काहीच झालं नाही आणि मग एकदम भडका उडाला, हातभर जीभ तोंडाबाहेर आली, माझ्या भुवया जळाल्या. आणि वर रस बुडाला लागला.

आधी निवला, मग करपला. रस मंद धगीवर रेंगाळला की त्यातली साखर मोडते, मग तो किती आटवला तरी त्याचा कणीदार गूळ बांधत नाही. हे कारण मला पुढं कळलं. त्या रात्री एवढंच दिसलं की वाफ्यात ओतलेला गूळ थिजेना. काळपट, चिकट, वर धुराचा वास. ढेप पाडली तर सकाळपर्यंत बसली. गुळव्यानं बोटावर घेऊन चाटला आणि थुंकला.

तो ऊस गावातल्या एका विधवा बाईचा होता. मी तिला चुलती म्हणायचो. तिची पोरगी लग्नाला आली होती आणि लातूरच्या एका आडत्याकडून तिनं गुळावर उचल घेतलेली होती. सगळा मिळून तिचा तीनच आधणांचा ऊस. त्यातलं एक मी बुडवलं. असला गूळ जनावरांना घालायच्या भावानं जायचा.

ती सकाळी आली. ढेपेकडं बघितलं. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. ती काहीच बोलली नाही. पदर तोंडाला लावून उभी राहिली. ते मला अजून दिसतं.

दादा तापातच उठून आले. त्यांनी गुळव्याला सांगितलं नाही की पोराची चूक आहे. म्हणाले, "जाळ माझा होता." मजुरीच्या म्हणून त्या हंगामात आमच्या घरी आलेल्या आणि यायच्या असलेल्या सगळ्या ढेपा त्यांनी चुलतीच्या नावावर लावल्या. त्या साली आमच्या घरात संक्रांतीला पोळ्या झाल्या त्या त्याच काळ्या गुळाच्या. खाताना धुराचा वास यायचा. कोणी काही बोललं नाही. मी दोन घास खाऊन उठलो.

मला दादांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला खड्ड्याच्या काठावर बसवलं आणि म्हणाले, "आज कशालाच हात लावायचा न्हाई. नुसतं धुराड्याकडं बघायचं."

तीन तास मी धुराड्याकडं बघत बसलो. दादा कवळी घालायचे तसा पांढरा भपका निघायचा. आठ-दहा श्वास घेईपर्यंत तो विरळ व्हायचा, निळसर व्हायचा, मग दिसेनासाच व्हायचा. नुसती धुराड्याच्या टोकावरची हवा थरथरताना दिसायची, उन्हाळ्यात ढेकळांवर थरथरते तशी. ती थरथर जरा मंदावली की दादा पुढची कवळी घालायचे. पुन्हा भपका, पुन्हा निळा, पुन्हा काही नाही. दुपारपर्यंत मी मनात म्हणायला लागलो, 'आता', आणि दादांचा हात त्याच वेळी पुढं व्हायचा.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"धूर म्हंजी न जळलेलं चिपाड. ते आपल्या डोळ्यादेखत वर चाललंय, आन् आपण खाली बसून आनखी घालालाव. जाळ विझाया लागला की माणसाला वाटतं जळण कमी पडलं. पाच येळा बघितलं तर चार येळा वारा कमी पडलेला असतोय."

पुढं सहा हंगाम मी दादांच्या जोडीनं जाळ घातला. पुन्हा आधण बिघडू दिलं नाही. चुलतीच्या पोरीचं लग्न त्याच वैशाखात झालं. दादांनी लग्नात पाण्याचे घागरीमागून घागरी भरल्या. मी गेलो नाही. जायची लाज वाटली.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

गुऱ्हाळावरून आम्ही बापलेक रात्री घरी यायचो तेव्हा माय चुलीपुढं बसलेली असायची. आमचं घर माळवदाचं, धूर जायला वर टीचभर भोक. चुलीत काय, तर ओली पऱ्हाटी, शेणकूट, बांधावरची हिरवी फांदी. पावसाळ्यात तर विचारूच नका. माय फुंकणीनं फुंकायची, धूर घरभर, तिचे डोळे गळायचे. खोकत खोकत भाकरी थापायची. धुराड्याची विद्या शिकल्यावर मी एकदा शहाणपणानं म्हणलं, "माय, असं कोंबू नको. कोरडं घाल, थोडं थोडं घाल."

माय म्हणाली, "कोरडं आणून दे की मग."

बस. एवढंच. आणि आम्ही आणून दिलं नाही. वाळलेलं जळण होतं ते थोडंफार विकायला जायचं, उरलेलं सणावाराला राखून. दुसऱ्याच्या काहिलीखाली धूर होऊ नये म्हणून दादा रात्रभर मान वर करून बसायचे. मीही बसायचो. पण आपल्या चुलीला वारा कुठून येतो आणि धूर कुठं जातो, हे आम्हा दोघांपैकी एकानंही कधी मान वर करून बघितलं नाही. चार विटा आणि दोन दिवसांचं काम होतं. चुलाणाला धुराडं लागतं हे ज्यांना ठाऊक, त्यांच्याच घरात चुलीला धुराडं नव्हतं.

मायला शेवटी दमा जडला. लातूरला दाखवायला नेली तर डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून विचारलं, "यांना बिडी ओढायची सवय आहे का?" मी म्हणलं, "न्हाई जी. त्यांनी उभ्या जन्मात बिडी हातात धरली न्हाई." डॉक्टर म्हणाले, "मग चूल." माय शेजारी बसून माझ्याकडं बघत होती. ती १९९८ साली गेली. आमच्या घरात गॅस आला तो त्यानंतर दोन वर्षांनी.

गुऱ्हाळं त्याआधीच मोडली होती. ऐंशीच्या दशकात मांजरा कारखाना झाला, ऊस ट्रॅक्टरनं तिकडं जायला लागला. पैसा बरा मिळायचा, खोटं कशाला बोलू. चुलाणाचा खड्डा बुजला, काहील भंगारात गेली. मग पाण्यानंच तोंड फिरवलं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी लातूरला आलं तेव्हा मांजरेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. माझ्या शेतातला ऊस त्याच्या आधीच मोडलेला होता. आता सोयाबीन, तूर आणि हरभरा.

तर पुतण्याच्या फोनवर मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुझ्या धुराड्यातून निघणाऱ्या धुराचा रंग कसा असतोय?"

"पांढरा. चांगला दाट. धुराचंच तर नाव हाय ना काका, स्मोकर!"

मग मी एकेक विचारत गेलो. लाकूड कसलं? तिकडचं ओक, चांगलं कठीण, आपल्या बाभळीसारखं. ठेवलंय कुठं? परसात, उघड्यावर. परवा पाऊस झाला. ओंडके केवढे? मांडीएवढे. एका वेळी किती घालतोस? तीन, म्हणजे दोन तास बघायला नको. आणि धुराड्याची झडप? अर्धी लावलेली, धग बाहेर जाऊ नये म्हणून.

मी मनात म्हणलं, सोळा वर्षांचं पोर घोंगडं घेऊन बसलंय.

त्याला सांगितलं ते असं. लाकूड आत छपराखाली ने. मनगटाएवढ्या फाकी कर, साल सुटत आलेली बघून घे. दोन फाकी एकमेकींवर वाजवून बघ. खणकन् वाजलं तर वाळलं, बद्द वाजलं तर ओलं. आधी पेटीत चांगला इंगळ पडू दे, मांस तोवर ठेवूच नको. धुराड्याची झडप पूर्ण उघडी ठेव. ती लावून धग कोंडता येत नाही, धूर तेवढा कोंडतो. धग कमी करायची तर लाकूड कमी घाल. एका वेळी एकच फाक घाल, आणि पुढची पेटीच्या पाठीवर तापत ठेव. राख साठू देऊ नको, तिच्याखाली वारा मरतो. घातल्यावर पांढरं निघणारच, त्याला भिऊ नको. पण चार-दोन मिनिटांत निळं व्हायला पाहिजे. नाही झालं तर लाकूड घालू नको, दार उघड.

"मग धुराचा स्वाद कसा लागंल?"

"जाळ नीट असला की स्वाद आपोआप लागतोय. दिसतो तो धूर कडू, न दिसणारा गोड."

त्यानं सांगितलं की त्या टाकीत धग १०७ ते १२१ अंश ठेवतात. मला गंमत वाटली. मी पुढं एकदा कोल्हापूरकडं गेलो होतो तेव्हा एका गुऱ्हाळावर काहिलीत थर्मामीटर सोडलेला बघितला होता. गूळ उतरला तेव्हा त्यात ११८ दाखवत होतं. दादांना तो आकडा कधी माहीत नव्हता. पण त्या आकड्याशी येऊन ते रोज दोन-तीनदा थांबायचे.

फोन ठेवता ठेवता मी म्हणलं, "आन् एक. भट्टी तुमच्या स्वैपाकघराच्या खिडकीखाली दिसालीय. ती तिथून हलव. सूनबाई आन् लेकरू आत असतात, वाऱ्याचं तोंड बघून ठेव."

तो म्हणाला, "बरं काका." कशामुळं म्हणलो ते त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. तिकडं सकाळ होती. भट्टी परसाच्या पार कोपऱ्यात नेलेली. तो स्टूल टाकून तिच्यापुढं बसलेला, हातात एकच फाक. "काका, बघा," म्हणाला आणि फोन धुराड्याकडं धरला. धुराड्याच्या टोकावर धूर दिसत नव्हता. मागच्या झाडाची पानं तेवढी थरथरल्यासारखी दिसत होती. मी लई वेळ बघत राहिलो.

आमची मंडळी मागून येऊन माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. म्हणाली, "पेटलंच न्हाई वाटतं त्याचं अजून."